कोयता आणि कार्बोरेटर

आमच्या पाटोदा तालुक्यात मोटारसायकली वर्षातून दोनदा हमखास बिघडायच्या. एकदा पावसाळ्यात, पेट्रोलमध्ये पाणी गेलं म्हणून. आणि दुसऱ्यांदा उन्हाळ्याच्या तोंडाला, ऊसतोडीची माणसं गावी परतली की. पहिल्या बिघाडाचं कारण आभाळात होतं, दुसऱ्याचं आमच्या जगण्यात. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते, पण तिचं पाणी खाली लातूरकडं जातं. बालाघाटच्या माथ्यावर पावसाच्या जिवावर एक पीक निघायचं, आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल फेडायला माणूस बायकोसह कोयता घेऊन नगर, पुणे, सांगली, कोल्हापूरच्या कारखान्यांवर जायचा. पट्टा पडला की परत. तोवर पाच-सहा महिने घरची गाडी गोठ्यात पोत्याखाली उभी.

उभ्या गाडीत पेट्रोल मरतं. टाकीचा कॉक बंद केला तरी कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल राहतंच. त्यातला हलका भाग उडून जातो आणि तळाशी डिंकासारखा चिकट पिवळा थर उरतो. दोन स्ट्रोकच्या गाडीत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं, त्यामुळे तो थर आणखी दाट. सुईच्या अग्राएवढी भोकं त्यानं बुजतात. मग किक मारून मारून पिंडरी भरून येते, गाडी मात्र हूं की चूं करत नाही. बघायला आलेला शेजारी न विचारताच सांगायचा, "कार्बेटरात कचरा आलाय."

कार्बेटर म्हणजेच कार्बोरेटर. काम साधं, पण नाजूक. ढेकूण-डास मारायचा फ्लिटचा पंप ज्यांनी वापरलाय त्यांना ते लगेच कळेल. नळीतून जोरात हवा गेली की तिच्या तोंडाशी असलेलं औषध वर ओढलं जातं आणि फवारा होऊन उडतं. कार्बोरेटरच्या नळीलाही मध्ये एक चिंचोळा गळा असतो. पिस्टन हवा ओढतो, गळ्याशी हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर येऊन हवेत मिसळतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. हा मेळ न इंधनाचा पंप, न वीज, नुसत्या ओढीवर बसतो. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यानं 1893 च्या सुमाराला फवाऱ्याचा कार्बोरेटर बनवला. तेव्हापासून शंभर वर्षांहून जास्त काळ जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या ह्याच युक्तीवर पळाल्या.

ती युक्ती आमच्यापर्यंत यायला मात्र वेळ लागला. 1972 साल आमच्याकडे सुकडीचं, लाल मिलोचं आणि खडी फोडण्याचं साल म्हणून लक्षात आहे. त्याच सुमाराला लूना बाजारात आली. कायनेटिकचा कारखाना नगरला, म्हणजे जामखेडवरून सरळ रस्त्यावर. दुष्काळी कामावर माणसांनी फोडलेल्या खडीच्या रस्त्यांवरून पुढं लूना धावू लागल्या. इंजिन बंद पडलं तर पायडल मारता येई, हे तिचं मोठेपण. गुरुजींची लूना, दूधवाल्याची राजदूत, एखाद्या हौशी बागायतदाराची येझदी, नंबर लावून वाट बघून मिळालेली सावकाराची चेतक. 1985 मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मग एम-80 खेड्यापाड्यांत दिसू लागली. नाव कोणतंही असो, पोटात कार्बोरेटर होता, आणि तो एका पान्यानं व पेचकसानं खाली उतरत होता.

जेट साफ करायची विद्या आमच्या घरांत पुरुषांच्या आधी बायकांना आली होती, हे मात्र कुणी ध्यानात घेत नाही. पंपाचा पितळी स्टोव्ह फुरफुरायला लागला की आई पत्र्याच्या पट्टीला लावलेली बारीक तारेची पिन घेऊन निप्पलचं भोक मोकळं करायची. भोक बुजलं तर ज्योत मरते, मोठं झालं तर भडकते आणि काजळी धरते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गाड्या आल्या तशी तीच स्टोव्हची पिन कार्बोरेटरच्या जेटात जाऊ लागली. इथं मात्र ती घात करायची. जेट पितळेचं, मऊ. पिन पोलादी. एक मिलिमीटरचं भोक नुसतं 1.05 झालं तरी त्याचं क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं. मग प्लग काळा पडतो, सायलेन्सर धूर ओकतो आणि आठवड्याचं पेट्रोल सहा दिवसांत संपतं.

नव्वदच्या दशकात एका उन्हाळ्यात आमच्या चुलत्यांनी, तात्यांनी, जुनी राजदूत घरीच उतरवली. लग्नसराईच्या आत गाडी चालू हवी होती आणि बाहेर द्यायला पैसा नव्हता. लिंबाखाली गोणपाट अंथरलं. ब्लॉक तेवढा बोअर मारायला लेथवर गेला, बाकी सगळं अंगणात. सायलेन्सर गोवऱ्यांच्या जाळात टाकून आतला काजळीचा थर जाळला. कार्बोरेटर मात्र चुलीपासून लांब, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, स्टीलच्या ताटात उघडला. वाटी, फ्लोट, सुई, मेन जेट, पायलट जेट, स्लाइड असा एकेक भाग निघाला त्याच क्रमानं ताटात मांडायचा, हा तात्यांचा नियम. जोडताना उलटीकडून उचलायचं, म्हणजे काही उरत नाही.

मग सगळं पेट्रोलमध्ये रात्रभर भिजत. सकाळी जुन्या टूथब्रशनं घासायचं. फ्लोट कानाशी धरून हलवायचा. आत खळखळ झाली तर त्याला भोक आहे. मग तो गरम पाण्यात बुडवायचा, बुडबुडा जिथून येईल तिथं खूण करायची, आणि पितळी असेल तर डाग देऊन आणायचा. फ्लोटच्या सुईच्या टोकाला झिजून वळ पडला असेल तर ती फेकायची, नाहीतर वाटी भरून पेट्रोल वाहत राहतं. जेट उजेडाकडं धरून बघायचं. गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. "जेटात पिन घालायची न्हाई," तात्या म्हणायचे, "भोक वाढलं की गाडी पेट्रोल पिती अन् खिसा आपला फाटतो." विजेच्या वायरीतला तांब्याचा एक मऊ तंतू आणि पंक्चरवाल्याच्या दुकानातली हवा, एवढंच चालायचं. पॅकिंग जाड कागदाचं, काठावर हातोडीनं हलकेच ठोकून कापलेलं. शेवटी हवेचा स्क्रू पूर्ण बसवून दीड फेरा बाहेर, आणि पुढचं कानानं. इंजिनाचा ठेका एकसारखा पडला की हात काढायचा.

वरवर हे काटकसरीचं काम, पण त्यातून दुसरंच काही घडत होतं. अशा अंगणांत ताट धरून बसलेली पोरं पुढं तालुक्याच्या रस्त्याला टपऱ्या टाकून बसली. पत्र्याचं शेड, पान्यांचा एक डबा, वापरलेल्या जेटांची बरणी, एवढ्या भांडवलावर गॅरेज उभं राहायचं. गॅरेज चाललं की त्या घरातला एक कोयता सुटायचा. आमच्याकडे कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. म्हणजे एका जेटाच्या भोकातून दोन माणसं आणि त्यांच्या मागं फरफटणारी, शाळा बुडणारी लेकरं सुटायची. सगळ्यांना हे जमलं नाही. ज्यांना जमलं त्यांच्या हाताला पेट्रोलचा वास होता.

जुन्याचं कौतुक करताना त्याचा धूर विसरू नये. दोन स्ट्रोकच्या गाड्या बरंच पेट्रोल न जाळताच बाहेर टाकायच्या. त्यात कुणी रेशनचं निळं रॉकेल मिसळलं तर गल्लीभर डोळे चुरचुरायचे. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि चार स्ट्रोकनं खेड्याला कमी पेट्रोलची सवय लावली. कार्बोरेटर तिच्यातही होता. मग प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं, आणि थोडे अपवाद सोडले तर नव्या दुचाकींत इंधन सोडायचं काम संगणक करू लागला. हवा थंड की गरम, इंजिनावर भार किती, हे सेन्सर सांगतात. गाडी धूर कमी सोडते, सकाळी पहिल्याच बटणाला सुरू होते. पण बिघडली तर स्कॅनर लागतो, आणि स्कॅनर टपरीवाल्याला सहज परवडत नाही. अंगणातून गॅरेजकडं जाणारी वाट त्यामुळे अरुंद झाली.

जुन्या गाड्या मात्र अजून गावात आहेत, आणि त्यांच्या कार्बोरेटरात आता नवीनच कचरा सापडतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. 2022 मध्ये देशात ते प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं, 2023 पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुने रबरी भाग त्यानं फुगतात, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर वाटीच्या धातूला पांढरी भुकटी धरते. हे इथेनॉल मका-तांदळापासूनही होतं, पण आपल्या राज्यात त्याचा मोठा वाटा उसाचा. म्हणजे आमच्या माणसानं फडात तोडलेला ऊस कारखान्यातून, टँकरमधून, पंपावरून फिरून शेवटी त्याच्याच गोठ्यातल्या गाडीच्या वाटीत येऊन बसतो. ऊसतोडीला गेलो म्हणून गाडी उभी राहिली, आणि तोडलेल्या उसानंच ती पुन्हा अडवली.

तरी तात्यांच्या पिढीची एक खबरदारी अजून उपयोगाची आहे. फडावर निघायच्या आदल्या दिवशी कॉक बंद करायचा, गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची आणि वाटीखालचा स्क्रू ढिला करून उरलेला थेंबन् थेंब काढून टाकायचा. कोरडी वाटी सहा महिने काही मागत नाही. घरातली म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागं राहिलेली लेकरं यांना रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर शेजाऱ्यानं थोडं ताजं पेट्रोल ओतावं, दोन किका माराव्यात आणि गाडी निघावी, एवढ्यासाठी ते पाच मिनिटांचं काम करून जायचं.