पैसा, पेसा आणि एम-पेसा

स्वाहिली भाषेत पैशाला ‘पेसा’ म्हणतात आणि छोट्या दुकानाला ‘दुका’. शब्द ओळखीचे वाटले ना? वाटणारच. हिंदी महासागरातल्या व्यापाराबरोबर ते पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरले आणि तिथलेच होऊन गेले. पुढे १८९६ साली मोंबासाहून युगांडा रेल्वेचं काम निघालं, तेव्हा हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले गेले. केनियात १९२० पर्यंत चलनसुद्धा रुपयाचंच होतं!

हे आठवायचं कारण म्हणजे मोबाइलवरून एकमेकांना पैसे पाठवणं खऱ्या अर्थाने रुजलं ते याच केनियात. फिलिपिन्समध्ये हा प्रयोग आधी झाला होता, पण अख्खा देश त्यावर चालायला लागला तो इथे.

माणूस नैरोबीत कामाला आणि घर लांब गावी. आपल्या गिरणगावातल्या कोकणी चाकरमान्याचीच गत. पण त्याच्या हाताशी निदान मनीऑर्डर होती. केनियातल्या बहुतेकांचं बँकेत खातं नव्हतं. मग गावी जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर किंवा बसच्या ड्रायव्हरबरोबर पाकीट द्यायचं आणि देवावर हवाला ठेवायचा.

२००५ मध्ये व्होडाफोनने ब्रिटिश सरकारच्या मदतीने नैरोबीजवळच्या थिका वगैरे भागात एक प्रयोग केला. हेतू साधा होता, छोट्या कर्जांचे हप्ते फोनवरून भरता यावेत. लोकांनी काय केलं? हप्ते राहिले बाजूला, ते एकमेकांना पैसे पाठवायला लागले! कंपनीने शहाणपणा केला आणि लोकांचं ऐकलं. मार्च २००७ मध्ये सफारीकॉमने ‘एम-पेसा’ सुरू केलं (एम म्हणजे मोबाइल) आणि जाहिरात केली ती ‘घरी पैसे पाठवा’ अशी.

साधा बटणांचा फोन पुरे. दुकावाल्याला ओळखपत्र दाखवून रोकड द्यायची, की तेवढी रक्कम फोनवर जमा. तिकडे गावच्या दुकावाल्याकडून बायको रोकड घेणार. म्हणजे पैसा फोनवरून गेला तरी दोन्ही टोकांना नोटाच! गंमत पुढे आहे. शहरात सगळे भरणारे, गावात सगळे काढणारे. त्यामुळे शहरातल्या दुकावाल्याच्या फोनवरची शिल्लक संपते आणि गावातल्याचा गल्ला रिकामा होतो. मग गावचा दुकावाला बँक असलेलं गाव गाठून नोटा घेऊन येणार. ‘कॅशलेस’ म्हणून मिरवणाऱ्या गोष्टीत ही पायपीट कोणी मोजत नाही.

२००७ च्या डिसेंबरमधल्या निवडणुकीनंतर केनियात दंगली उसळल्या, रस्ते बंद झाले. अडकलेल्या नातेवाइकांना लोकांनी फोनवरूनच पैसे पोचवले. भरवसा बसला तो अशाने, असं मला वाटतं.

आणि ‘पेसा’ माहेरीही येऊन गेला बरं का. २०१३ मध्ये व्होडाफोनने एम-पेसा भारतात आणलं, पण ते काही रुजलं नाही. २०१९ मध्ये गाशा गुंडाळायचं ठरलं. तोवर एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं होतं आणि त्याच नोव्हेंबरात नोटबंदी. यूपीआय थेट खात्यातून खात्यात जातं, बँक कुठलीही असो. खातं मात्र हवं, आणि ती सोय जनधनने बरीच केली होती. केनियात सगळी नाडी एका कंपनीच्या हातात. तिथे दुसऱ्या कंपनीच्या फोनवर सरळ पैसे पाठवता यायला २०१८ साल उजाडलं. मला आपली वाट बरी वाटते.

असो. सुरुवातीच्या त्या वर्षांत संशोधक गावाकडच्या बायकांशी बोलले होते. कोणी म्हणाली, आता वेळेवर पैसे मागता येतात. कोणाला घोर लागला होता, पैसे फोनवर येतात म्हणून नवरा पूर्वीइतका घरी येत नाही, शहरात दुसरा संसार तर थाटला नसेल? आणि काही जणी नवऱ्याला पत्ता लागू न देता फोनवरच चार पैसे बाजूला टाकायला शिकल्या होत्या.