डालडा
डालडा : वनस्पती तुपाचे व्यापारी नाव, मराठीत कोणत्याही वनस्पती तुपाचे रूढ नाव. ‘डाडा’ या डच कंपनीच्या नावात लीव्हर कंपनीचा ‘ल’ घालून हे नाव तयार झाले. १९३७ मध्ये हे तूप भारतीय बाजारात आले. निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने तेलाचे हायड्रोजनीकरण केले की ते थिजून रवाळ होते. माडाचे चित्र असलेला पिवळा डबा रिकामा झाल्यावर घरोघरी धान्याला किंवा तुळशीला वापरला जाई. वर्ध्याच्या मगनवाडीतील अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने (स्थापना १९३४) जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली वनस्पती तुपाला विरोध करून बैलघाणीच्या तेलाचा पुरस्कार केला. २००३ मध्ये डालडाची मालकी बंगी कंपनीकडे गेली.