रामाकोन्याची गाडी आणि सरकारी तिजोरी



स्मृती जागवायची ती केवळ व्यक्तींचीच नव्हे, वाटांचीही. म्हणून आज मी आपल्या गावच्या छोट्या गाडीचा इतिहास मांडणार आहे. सार्वजनिक वाहतुकीचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने नागपूर-छिंदवाडा हा अडीच फुटी लोहमार्ग पुरा केला. कंपनी खासगी होती, तरी भांडवलावरील व्याजाची हमी सरकारची होती. म्हणजे तूट आली तर ती रयतेच्या करातून भरून निघे. मार्गाचे प्रयोजन कोळसा आणि मँगनीज यांच्याशी निगडित होते. तथापि डब्यांत बसले ते शेतकरी, बाजारकरी आणि आमच्यासारखे विद्यार्थी. 1944 साली ही रेल्वे सरकारने आपल्याकडे घेतली.

1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. आपली मराठी सीमेच्या अलीकडे राहिली, आपले महाविद्यालय पलीकडे गेले. परंतु रेल्वे केंद्राची असल्यामुळे रूळ मात्र दुभंगले नाहीत.

रस्त्यावरील वाहतुकीची कथा निराळी आहे. 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने केंद्र आणि राज्य या दोहोंना महामंडळाच्या भांडवलात वाटा उचलण्याची सोय करून दिली. 1948 मध्ये सुरू झालेली एस. टी. सीमेपलीकडे आजही धावते. अलीकडे मात्र, तोट्यात रुतलेले मध्य प्रदेशचे महामंडळ बंद करण्याचा निर्णय 2005 मध्ये झाला. खासगी बस जागा भरतील तेथे धावते. तिला दोष देता येत नाही, कारण तोच तिचा धर्म आहे. पण आडगावच्या एकट्या उतारूची जबाबदारी मग कोणाची?

2015 च्या अखेरीस अरुंद मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाला आणि 2021 मध्ये मोठ्या मार्गावरून छिंदवाडा-नागपूर गाडी धावू लागली. हा खर्च योग्यच होता. तथापि गाडी थांबली तेव्हा पाचवीत असलेली मुलगी, गाडी पुन्हा आली तेव्हा दहावीत पोहोचली होती. मधल्या वर्षांच्या प्रवासाचा भार अंदाजपत्रकात दिसत नाही. तो घराघरांतून भरला जातो, आणि जेथे भरणे जमत नाही तेथे प्रथम मुलीचीच शाळा सुटते.

एप्रिल 2025 मध्ये मध्य प्रदेश मंत्रिमंडळाने सुगम परिवहन सेवेस मंजुरी देऊन 101.20 कोटी रुपयांचे भागभांडवल ठरविले. बसगाड्या खासगी आणि देखरेख शासनाची, अशी ही योजना आहे. तिचे स्वागत करताना एवढेच म्हणावेसे वाटते की, वाहतुकीचा हिशेब केवळ नफ्यातोट्याच्या रकान्यांत मांडू नये. एकेकाळी सरकारने भागधारकांच्या व्याजाची हमी घेतली होती. आता शाळेत निघालेल्या लेकीच्या परतीच्या बसची हमी घ्यावी. लोकशाहीकडून एवढी अपेक्षा फार नव्हे.