पाहुण्याची हमी कोण घेणार?

चीनमधल्या एखाद्या मध्यम आकाराच्या शहरातलं स्वस्त हॉटेल ऑनलाइन शोधून बघा. फोटो झकास, रेल्वे स्टेशन पायी पाच मिनिटांवर, भाडं आपल्याकडच्या साध्या लॉजएवढं. मग नियमांच्या यादीत खाली एक ओळ दिसते: इथे फक्त चीनच्या मुख्य भूमीवरच्या नागरिकांना खोली मिळेल.

चिनी नागरिकांना टुरिस्ट व्हिसा देणं भारताने जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू केलं, पाचेक वर्षांच्या खंडानंतर. तेव्हापासून मी आणि आई आमच्या पहिल्या चीन ट्रिपचा प्लॅन करतोय. आईचं मत ठाम आहे: ग्रुप टूर. बीजिंग, शिआन, शांघाय, सोबत मराठी टूर मॅनेजर आणि रात्री गरम वरण-भात. मला त्यात शिजियाझुआंग हवं आहे आणि ते मी पाहिलेल्या एकाही टूरमध्ये नाही. का हवं, ते पुढे सांगतो. आधी ती हॉटेलवाली ओळ. कोडमध्ये एखादी विचित्र अट दिसली की ती कुणी आणि कशासाठी टाकली, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. ही अट बरीच जुनी निघाली.

१७५७ मध्ये चिंग सम्राट चियानलोंगने समुद्रमार्गे येणाऱ्या पाश्चात्त्य व्यापाऱ्यांसाठी एकच बंदर उघडं ठेवलं: ग्वांगझू, म्हणजे तेव्हाचं कँटन. परदेशी लोकांनी नदीकाठच्या ‘तेरा फॅक्टऱ्यां’मध्ये राहायचं. नाव फॅक्टरी असलं तरी ती वखार, ऑफिस आणि लॉज असं सगळं एकत्र होतं. तटबंदीच्या आतल्या शहरात जायला बंदी, बायकोला सोबत आणायला बंदी, आणि व्यापाराचा हंगाम संपला की मुक्काम हलवून मकाव गाठायचं.

मला यातली खरी गंमत वाटली ती हमीची. प्रत्येक परदेशी जहाजामागे एक चिनी ‘हाँग’ व्यापारी जामीन असे. जहाजाचा कर थकला, खलाशांनी दंगा केला, तरी सरकारी अधिकारी आधी त्या जामीनदाराची मानगूट धरत. परक्या माणसावर नजर ठेवायला अख्खी फौज लागते. त्याच्या यजमानाला जबाबदार धरलं, की यजमानच फुकटात पहारा करतो. डिझाइन म्हणून बघितलं तर हुशार आहे, माणूस म्हणून बघितलं तर थोडं गुदमरायला होतं.

या फॅक्टऱ्यांमध्ये मुंबईचे पारशीही होते. जे. जे. हॉस्पिटलला ज्यांचं नाव आहे, त्या जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी चीनच्या अनेक फेऱ्या केल्या. कापूस आणि अफू हा त्यांचा व्यापार. मुंबईतल्या कितीतरी दानधर्माचा पैसा याच बंदरातून आला, हे आपण जरा हळू आवाजातच बोलतो. पहिल्या अफू युद्धानंतर १८४२ च्या नानकिंग तहाने ही व्यवस्था मोडली आणि पुढे १८५६ मध्ये त्या फॅक्टऱ्याही आगीत गेल्या.

यजमानाला जामीन धरायची कल्पना मात्र साम्यवादी चीनमध्ये नव्या कपड्यांत दिसते. १९५४ मध्ये परदेशी पाहुण्यांची सोय बघायला ‘चायना इंटरनॅशनल ट्रॅव्हल सर्व्हिस’ ही सरकारी संस्था निघाली. त्याच वर्षी बीजिंगमध्ये सोव्हिएत तज्ज्ञांसाठी फ्रेंडशिप हॉटेल उभं राहिलं. पाहुण्याने कुठे झोपायचं, काय बघायचं, हे यजमान ठरवणार. १९७८ नंतर दारं किलकिली झाली तेव्हा पर्यटक वाढले आणि खोल्या कमी पडल्या. मग परदेशी भांडवल आलं: १९८२ मध्ये बीजिंगचं जिआनगुओ, १९८३ मध्ये ग्वांगझूचं व्हाइट स्वान. हे व्हाइट स्वान शामियान बेटावर आहे, जुन्या तेरा फॅक्टऱ्यांच्या जागेपासून जवळच. त्याचं वेगळेपण असं, की तिथे सामान्य चिनी माणसालाही आत येऊन लॉबी बघता येत होती. बाकीच्या बऱ्याच बड्या हॉटेलांत स्थानिकांना दारावरच अडवत.

पैसासुद्धा वेगळा होता. १९८० पासून परदेशी लोकांच्या हातात ‘फॉरेन एक्स्चेंज सर्टिफिकेट’ नावाच्या निराळ्या नोटा असत. १९९४ मध्ये त्या देणं थांबलं. यादीतल्या खुल्या शहरांबाहेर जायचं तर पोलिसांचा परवाना लागे. नानजिंगमध्ये शिकणाऱ्या विक्रम सेठने १९८१ मध्ये तुर्फानला एका मैफलीत ‘आवारा हूँ’ म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात त्याच्या परवान्यावर ल्हासाचं नाव चढलं. राज कपूरच्या जिवावर तिबेट! आज तिबेटला जायचं तर परवाना टूर कंपनीमार्फतच मिळतो, गाणं येत असलं तरी.

आता कायदा असा आहे: परदेशी पाहुणा हॉटेलात उतरला, तर त्याची नोंद पोलिसांकडे पाठवायची जबाबदारी हॉटेलची. कुणाच्या घरी उतरलात, तर २४ तासांत तुम्ही किंवा घरमालकाने ठाण्यात नोंद करायची. ती चुकली तर दंड. म्हणून बारा खोल्यांचं हॉटेल चालवणारी बाई परदेशी पासपोर्ट बघून हात जोडत असेल, तर त्यात तिरस्कार शोधू नये. तिला हाँग व्यापारी व्हायचं नाहीये, एवढंच. ‘परदेशी लोकांना ठेवायचा परवाना नाही’ असं कारण देऊन हॉटेलांनी नकार देऊ नये, असं सरकारने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. तरी ती ओळ अजून भेटते. त्यामुळे मी हॉटेल निवडताना तारे नंतर मोजतो. आधी परदेशी पाहुण्यांनी लिहिलेले ताजे अभिप्राय बघतो. ते असले, म्हणजे काउंटरवरच्या माणसाला नोंदणी करता येते.

आईची ग्रुप टूरसुद्धा याच साखळीतली वाटते मला. पासपोर्ट, खोल्या, नोंदी सगळं टूर कंपनी बघते. बदल्यात आपण तिच्या झेंड्यामागे चालायचं. पासष्टीच्या बाईला हा सौदा वाईट नाही.

आता शिजियाझुआंग. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकातल्या चार डॉक्टरांबरोबर मुंबईहून बोटीने निघाले आणि उतरले ते याच कँटन बंदरात. वय २७, आज मी आहे त्याच्या आसपास. पुढच्याच महिन्यात शहर जपान्यांच्या हाती गेलं. तोवर पथक आत सरकलं होतं. पुढे ते येनानला आणि तिथून हपेई प्रांतातल्या आघाडीवर गेले. ९ डिसेंबर १९४२ ला तांग काउंटीत कोटणीस वारले तेव्हा ३२ वर्षांचे होते. हपेईत ते जिथे मुक्काम करत होते, ती आघाडीजवळची गावं होती. तिथे पाहुण्याची हमी घेणं म्हणजे जपानी सैन्याच्या झडतीत स्वतःचं घर पणाला लावणं होतं. त्यांची समाधी आता शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे, डॉ. बेथ्यून यांच्या समाधीच्या सोबत.

सोलापूर आईचं माहेर. कोटणीसांचं नाव काढल्यावर वरण-भाताचा आग्रह जरा सैल झाला. ठरलं असं: शिआन-शांघाय ग्रुपबरोबर, त्याआधी बीजिंग आणि शिजियाझुआंग दोघांनीच. बीजिंगहून वेगवान रेल्वेने सव्वा तासाचा रस्ता आहे. तांग काउंटीत मुक्काम धरलेला नाही. सकाळी गाडी करून जायचं, संध्याकाळी परत. शिजियाझुआंगच्या हॉटेलला मी चिनी भाषेत एकच प्रश्न पाठवला: भारतीय पासपोर्टची नोंदणी तुम्ही करता का? तासाभरात उत्तर आलं. करतो. दोघांचे पासपोर्ट आणि उतरायची वेळ कळवा.