जावळीची वाट आणि नकाशाचे मौन

अफजलखान वाईहून जावळीच्या खोऱ्यात उतरला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. या वाक्यातील ‘उतरला’ या क्रियापदापाशी मात्र आपण सहसा थांबत नाही. वस्तुतः सारा प्रसंग त्या शब्दात आहे. मोठी फौज, हत्ती आणि तोफा घेऊन महाबळेश्वरचा डोंगर ओलांडायचा आणि कोयनेच्या अरुंद, अरण्यमय खोऱ्यात उतरायचे, म्हणजे परतीची वाट शत्रूच्या हाती देणे होय. सभासदाची बखर १६९७च्या सुमारास लिहिली गेली, ती हा मुलूख परिचित असलेल्या श्रोत्यांसाठी. आजच्या वाचकाकडे तो परिचय नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढण्याची सोय आता विनामूल्य उपलब्ध आहे. फेब्रुवारी २०००मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने अकरा दिवसांत पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के भूभागाची उंची रडारने मोजली. ही माहिती आज कोणालाही उतरवून घेता येते. तिच्यावरून छेद काढला की दिसते, सावित्रीकाठच्या सखल पोलादपूरपासून तेराशे मीटरहून उंच महाबळेश्वर सरळ रेषेत जेमतेम वीस किलोमीटरवर आहे. किनारपट्टीचे आणि सीमाभागाचे सविस्तर सरकारी नकाशे दीर्घकाळ सामान्य माणसाला सहज मिळत नसत. २०१७पासून भारतीय सर्वेक्षण विभागाचे खुल्या मालिकेतील नकाशे विनाशुल्क मिळू लागले. २०२१च्या धोरणाने नकाशे तयार करण्यावरील बंधनेही बरीच सैल केली. ज्ञानाच्या लोकशाहीकरणाच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हे.

तरीही नकाशा म्हणजे अंतिम सत्य, असे मानण्याचे कारण नाही. तोही एक संहिताच आहे, आणि प्रत्येक संहितेत मौनाच्या जागा असतात. रडारच्या मोजणीतील एकेक चौकट सुमारे तीस मीटरची असल्यामुळे उभा कडा तिच्यात सौम्य उतार होऊन बसतो. महाडचे चवदार तळे पडद्यावर निळ्या चौकोनासारखे दिसते. ‘येथे पाणी आहे’ एवढेच तो चौकोन सांगतो. ते पाणी कोणाचे, हा प्रश्न २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी विचारला. त्याचे उत्तर समोच्च रेषांत सापडत नाही. त्यासाठी पुन्हा ग्रंथांकडेच वळावे लागते.

आणि काही मौने जिवावर बेततात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यांची कोंढाळकरवाडी बाहेरच्या जगाला बहुधा तेव्हाच प्रथम ठाऊक झाली. नकाशावर नाव असते तर दरड थांबली असती, असे नव्हे. परंतु जी वस्ती नोंदीतच नाही, तिच्यावरील संकटाचा विचार तरी कोण करणार?

२००४ साली सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर कोणालाही गावाचे नाव मराठीत, देवनागरीत नोंदवता येते. वाडी, कोंड, खिंड, पाणवठा, पायवाट यांची नावे आजही वृद्धांच्या तोंडी आहेत. साहित्याच्या अभ्यासकाने बखर नकाशासमोर ठेवून वाचावी, हे उचितच. पण त्याने नकाशाही बखरीसारखा वाचावा आणि जिथे तो गप्प आहे, तिथे शक्य तर एक नाव लिहावे.