फ्रेंच रेस्टॉरंटात खिडकीजवळचं टेबल: पैसे चवीचे की नजाऱ्याचे?

मुकुटबन असो की मुंबई, रील सगळीकडे तेच येतं. काचेपलीकडे नदी, टेबलावर पांढरं कापड आणि भल्यामोठ्या प्लेटमध्ये मधोमध दोन घास. खाली कमेंटही ठरलेली, ‘एवढ्या पैशात आमच्याकडे गावजेवण होतं!’ पण हे पैसे नेमके कशाचे?

पॅरिसचं ‘ला तूर दारजाँ’ घ्या. सेन नदीच्या काठावर, सहाव्या मजल्यावर. खिडकीतून नोत्र-दाम चर्च दिसतं. इथली ओळख म्हणजे बदक. भाजलेल्या बदकाचं मांस काढून घेतात, उरलेला सांगाडा प्रेसमध्ये दाबतात आणि निघालेल्या रक्त-रसाचा सॉस करतात. वाचायला कसंतरी वाटेल, पण १८९० पासून इथं प्रत्येक बदकाला नंबर मिळतो आणि खाणाऱ्याला त्या नंबरचं कार्ड. २००३ मध्ये हा नंबर दहा लाखांवर पोहोचला.

या रेस्टॉरंटकडे मिशलिन गाइडचे तीन स्टार होते. एक १९९६ मध्ये गेला, दुसरा २००६ मध्ये. नदी तीच, चर्चही तेच, मग स्टार कसे गेले? कारण मिशलिनचे स्टार फक्त प्लेटमधल्या पदार्थांना मिळतात. नजारा, सजावट, झुंबरं यांना गुण नाहीत. आयफेल टॉवरवर १२५ मीटर उंचीवरच्या ‘ल ज्यूल व्हर्न’लाही स्टार मिळाले ते स्वयंपाकामुळे, उंचीमुळे नाही. म्हणजे नजाऱ्याचे पैसे द्यायचे की नाही, हे आपलं आपण ठरवायचं.

आता मेनूकार्ड. फ्रान्समध्ये ‘मेनू’ म्हणजे साधारण आपली थाळी, ठरलेल्या पदार्थांचा एकच दर. वेगवेगळं मागवायचं तर ‘आ ला कार्त’, ते सहसा महाग पडतं. ‘आँत्रे’ हे मुख्य जेवण नाही, सुरुवातीचा पदार्थ आहे. मुख्य पदार्थाला ‘प्ला’ म्हणतात. ‘काराफ दो’ मागितलं की नळाचं पाणी फुकट येतं. नुसतं ‘वॉटर’ म्हणालात तर विकतची बाटली उघडली जाऊ शकते. सर्व्हिसचे पैसे दरातच धरलेले असतात, त्यामुळे टिपची सक्ती नाही.

आपल्याकडे उलट आहे. कार्डवरच्या दरावर जीएसटी लागतो. साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के, पण खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांवर जाणाऱ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात १८ टक्के. समुद्र दिसणारी महागडी रेस्टॉरंट बऱ्याचदा अशाच हॉटेलांत असतात. दहा हजारांच्या जेवणावर अठराशे रुपये नुसता कर!

त्याखाली ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ दिसली तर थांबा. हा कर नाही. तो बिलात आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. रेस्टॉरंट संघटनांनी त्याला पुढे आव्हान दिलं आहे. सर्व्हिस आवडली तर खुशाल द्या. नसेल द्यायचा तर ‘काढून टाका’ असं सरळ सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.