पडद्यावरच्या पतिव्रता

पुण्या-मुंबईच्या वाटेवरचे आमचे पनवेल सिनेमाचे जुने शौकीन. गेल्या दिवाळीत फराळ चालू असताना सूनबाईंनी दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटाचा उरलेला भाग मोबाईलवर लावला. तारामती दिसताच धाकटी नात ओरडली, "आजोबा, ही बाई नाहीच, हा बुवा आहे!"

पोरीची नजर खरी. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात जी तारामती लोकांनी पाहिली, ती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने रंगवलेली होती. साळुंके ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करीत. फाळक्यांनी बाईसाठी थोडी का खटपट केली? नायकिणींच्या दारापर्यंत जाऊन आले, पण कॅमेऱ्यापुढे उभी राहायला कुणी धजेना. पुढे 'लंकादहन'मध्ये (1917) तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पती आणि पत्नी एकाच देहात! एकनिष्ठेची याहून पक्की व्यवस्था ती कोणती? प्रेक्षक मात्र पायातल्या वहाणा काढून, हात जोडून बसत.

खरी गंमत आहे ती 1913 च्याच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात. फाळक्यांना अखेर एक बाई मिळाली, दुर्गाबाई कामत. त्यांनी पार्वती केली आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. पार्वती म्हणजे शंकरासाठी तप करणारी, पतिव्रतांची मेरुमणी. आणि दुर्गाबाई कोण? नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरची पोर घेऊन नाटक मंडळीबरोबर गावोगाव हिंडणाऱ्या! ज्या समाजाने अशा बाईला घरात पाट मांडला नसता, त्याने तिला पडद्यावर जगन्मातेचे आसन दिले. मला यात दांभिकतेपेक्षा त्या बाईचे धैर्यच मोठे वाटते. कमलाबाई पुढे गोखल्यांच्या घरी गेल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आले, तरी रंगभूमीवर कामे करून त्यांनी मुले वाढवली. प्रसंगी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री'त (1920) गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना उभे केले आणि बाईचे काम बाईने करण्याची रीत आपल्याकडे रुळू लागली. तरी पडद्यावरची स्त्री सतीच राहिली. कलकत्त्याच्या मदन कंपनीच्या 1922 च्या चित्रपटाचे नावच 'पतिभक्ती'. 'पत्नीभक्ती' नावाचा मूकपट काढण्याचे कुणाला सुचलेले माझ्या तरी वाचनात नाही!

मग 1927 साली मुंबईच्या कोहिनूर कंपनीत चंदुलाल शहांनी 'गुणसुंदरी' काढला. ना राक्षस, ना शापवाणी. नवरा दिवसभराच्या विवंचना घेऊन घरी येतो. बायको दिवसभर राबून त्याच्यापुढे संसाराची गाऱ्हाणी मांडते. त्याला कंटाळा येतो आणि त्याची पावले एका नर्तकीच्या घराकडे वळतात. जुनी सती असती तर देवापुढे बसली असती. गोहरने रंगवलेली ही नायिका मात्र नटूनथटून स्वतःच उंबऱ्याबाहेर पडते आणि नवऱ्याचे धाबे दणाणते. तात्पर्य काय, तर बायकोने गृहिणी असून भागत नाही, सखीही व्हावे. नवऱ्याने काय व्हावे, हा प्रश्न चित्रकर्त्यांनी सोयिस्करपणे बाजूला ठेवला. चूक त्याची आणि सुधारायचे तिने! तरीही नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणावर घरातल्या बाईने उलटा डाव टाकावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले हाताच्या ओंजळीत मावतील एवढेच आज उरले आहेत. पण 'गुणसुंदरी'ची कथा लोकांना इतकी रुचली, की चंदुलाल शहांच्या रणजित कंपनीने 1934 मध्ये ती बोलपटात आणली आणि 1948 मध्ये ती पुन्हा पडद्यावर आली. 1929 साली ती कंपनी उभी राहिली, तेव्हा शहांच्या जोडीला भागीदार होती तीच गोहर.